सात हजार नऊशे चाळीस

बेस खडकीचा. पिंटोच्या माळ्यावर अकरा वर्षं उभा,
साडेसतरा हजारांत आला, केसशिवाय.
मानेला बाक नाही, लाकूड ठणठणीत,
पण आवाज असा, की
शेजारच्या खोलीत कुणी सतरंजी झटकतंय.

फरोख म्हणाला, अ‍ॅक्टिव्ह घे,
नऊ व्होल्टची बॅटरी, तीन नॉब, भिंती हलतील.
आमची तालमीची जागा रास्ता पेठेत, कापडाच्या गोदामामागे.
तिथल्या भिंती आधीच हलतात.

परदेशी पिकअप बावीस हजार.
म्हणजे गळा माणसापेक्षा महाग.
मी पतपेढीत ठेवींच्या पावत्या लिहिते,
असं गणित मला बोटं न मोजता कळतं.

म्हणून करडे.
कसबा पेठेत, जिन्याखाली, पाटीवर
पंखे, मिक्सर, पाण्याची मोटार भरून मिळेल.
गिटार कुठेच नाही.
त्यांनी जुनं पिकअप घेतलं, आधी हुंगलं.
"जळलेलं नाही. थकलंय."
मग चष्म्यावरून, "आवाज कसा हवा?"

बाकीच्यांनी विचारलं होतं, कुणासारखा हवा.
मी म्हटलं, गोल. म्हटलं, उबदार.
ते नुसते बघत राहिले.
म्हटलं, हंडा. भरलेला. बोटाच्या पेरानं वाजवलेला.
"काठोकाठ?"
नाही, चार बोटं रिकामा.
"मग आठ हजार वेढे," म्हणाले, आणि रीळ काढलं.

त्यांचे वडील तांबट आळीत हंडेच घडवायचे
हे नंतर कळलं.
कळलं नसतं तर बरं,
गोष्ट उगाच जुळून येते.

तार केसाहून बारीक, मशीन पंख्यांचं, दांडगं,
म्हणून ताण चिमटीतच धरायचा,
ओढला तर तुटणार, सोडला तर ढिलं.
पावणेदोन तास मी त्यांचा अंगठा बघत बसले.
काट्यावर सात हजार नऊशे चाळीस,
बाहेरून कुणीतरी "काका, कूलर झाला का?" म्हणालं,
आणि तार गेली.

कूलरवाला उत्तर न घेताच गेला.
करड्यांनी दुसरं कॉइल चढवलं,
आता उलट्या दिशेनं, म्हणजे दोघांची घरघर आपसात मिटते,
आणि बरोबर सात हजार नऊशे चाळीसला
स्वतःच थांबले.
"भावंडं आहेत.
एकाला कमी पडलं तर दुसऱ्यानं जास्त वाढून घ्यायचं नसतं."

तपकीर गल्लीत दोन पॉट, अडीचशे केचे.
लॉग, असं मी दोनदा बजावलं.
"तेच असतं हो ताई," म्हणत त्यानं लिनिअर दिले.
तेच नसतं.
घरी नॉब दोनवर नेला तर आवाज भसकन पूर्ण,
पुढे दहापर्यंत नुसतं फिरवत बसा.
परत गेले. त्यानं न बोलता बदलून दिले,
वर जुन्या रेडिओतला एक पिवळा कपॅसिटर ठेवला,
पॉइंट झिरो फोर सेव्हन.
त्याचे पैसे घेतले नाहीत.
चूकही कबूल केली नाही.

रात्री जेवणाच्या टेबलावर डाख दिला.
राळेचा धूर, मुलीच्या भूगोलाच्या वहीला एक भोक,
साधारण विदर्भात.
बेसच्या पोटाला आतून तांब्याची पट्टी लावली,
कल्हईच्या उलट.
मग जाड तार छेडली.

हंडा होता.
चार नाही, पाच बोटं रिकामा.
साठ वेढे.
मला तो जास्त आवडला, हे करड्यांना सांगितलेलं नाही.

आणि मागे एक बारीक गुणगुण.
डाख पुन्हा दिला, अर्थिंगची वायर बदलली, तरी आहे.
तारांवर हात ठेवला की मात्र गप्प होते.
फरोख म्हणतो, कुठेतरी चुकलीयेस, उघड.
उघडीन, रविवारी.
तोवर दोन गाण्यांच्या मधे
मी हात उचलत नाही.